तुझं चेंगडू आणि आपला नळस्टॉप

पुणे, शनिवार रात्र

प्रिय सुहास,

तुझं चीनमधल्या चेंगडूहून आलेलं पत्र वाचलं आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. ‘आपण नळस्टॉपला जे खायचो ते चायनीज नव्हतंच’, असं एका ओळीत लिहून तू मोकळा झालास. बोर्डाच्या प्रशिक्षणासाठी रत्नागिरीहून पुण्याला यायचंच होतं. म्हटलं, आधी तिथं पोटभर जेवायचं आणि मगच तुला उत्तर लिहायचं. आत्ताच जेवून लॉजवर आलोय.

नळस्टॉप तुला ओळखू येणार नाही. दुमजली पूल झालाय, खालच्या मजल्यावर गाड्या आणि वर मेट्रो. मी स्टेशनवर उतरून मागच्या गल्लीत शिरलो तर आपलं हॉटेल आहे तिथंच आहे. तीच सनमायकाची टेबलं, व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मिरच्यांची तीच बरणी. काका हल्ली येत नाहीत, गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. भट्टीवर मात्र अजून दाजूच! मला बघताच म्हणाला, “सर, एकटेच? ते उंच सर कुठायत?” तू चीनला आहेस म्हटल्यावर त्याला इतका आनंद झाला की न सांगता सूप आणून ठेवलं.

मी मुद्दाम काचेजवळच्या टेबलावर बसलो. आपण तिथं इतकी वर्षं जेवलो, पण त्याचं काम कधी नीट पाहिलं नव्हतं रे. भट्टीचा आवाज एवढा की ऑर्डर ओरडूनच सांगावी लागते. कढईतून धूर निघेपर्यंत तो तेल घालत नाही. मग लसूण, मिरची, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, पाठोपाठ कोबी-गाजर आणि लगेच नूडल्स. सोया सॉस तो नूडल्सवर ओततच नाही. कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडतो, तिथं तो चर्रकन जळतो आणि तो वास सगळ्या नूडल्सना लागतो. पांढरी मिरपूड, मीठ, दोनदा उडवलं की प्लेटमध्ये. दोन मिनिटंही लागत नाहीत. कोबी दाताखाली कचकन तुटतो आणि नूडल कोरडी, सुटी राहते. आपल्या घरच्या गॅसवर हे का जमत नाही ते मला आज कळलं. भाजी टाकली की कढई थंड होते, भाजीला पाणी सुटतं आणि नूडल्स परतण्याऐवजी त्या पाण्यात शिजतात. म्हणूनच दाजू एका वेळी एकच प्लेट करतो. गर्दी कितीही असो, दोन ऑर्डरी एकत्र टाकत नाही. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुझा मुद्दा. तिथल्या मापो तोफूनं, म्हणजे त्या तिखटजाळ सोयापनीरनं, तुझी जीभ बधिर झाली आणि आपल्या शेजवानमध्ये तसलं काहीच नसतं, हे बरोबर आहे. ती बधिरता सिचुआन मिरीची. पण सुहास, ती मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली! तुझी आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालायची, आठवतंय ना? त्या चवीसाठी तुला चेंगडूला जायची गरज नव्हती. आपल्या शेजवानमध्ये ती नाही. तिथं सुकी लाल मिरची, लसूण, आलं आणि व्हिनेगर. आणि मिरची तर मुळात ना त्यांची ना आपली, दोघांकडेही अमेरिकेतूनच आली.

शिवाय हे जेवण कुणी हवेतून काढलेलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी तोंग अच्यु नावाचा माणूस कलकत्त्याजवळ साखरेचा कारखाना काढायला आला, त्याच्या नावाचं अछिपूर गाव आजही आहे. नंतर दक्षिण चीनमधले हाक्का लोक आले. कातडी कमावण्याचं जे काम इतरांना नको होतं ते त्यांनी कलकत्त्याच्या टांगरा भागात केलं आणि तिथंच खानावळीही काढल्या. आपण ‘हाक्का नूडल्स’ म्हणतो ती या लोकांची. १९६२च्या चीन युद्धानंतर भारतातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार माणसांना, इथंच जन्मलेल्यांनासुद्धा, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. कित्येक देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी आपल्याला जेवू घातलं. चिकन मंचुरियन नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत केलं असं सांगतात. तेही कलकत्त्यात जन्मलेले. आलं, लसूण, हिरवी मिरची आपल्या स्वयंपाकातली, वर गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. एवढं सोसून, इथलं सामान घेऊन रांधलेल्या अन्नाला तू खोटं म्हणतोस, हे मला पटत नाही. ते चेंगडूचं नाही, एवढंच म्हण.

आणि आपल्यापुरतं बोलायचं तर मेसला सुट्टी असायची त्या रविवारी रात्री एका हाफ राइसवर आपल्या दोघांचं भागायचं. काका न मागता सूप भरून द्यायचे. परगावाहून आलेल्या पोरांना या शहरात हक्कानं बसता येईल अशा जागा किती होत्या? आजही शेजारच्या टेबलावर लातूरकडची दोन पोरं एक ट्रिपल राइस वाटून खात होती. काकांच्या मुलानं त्यांच्यापुढेही सूप ठेवलं, बिलात न धरता.

दिवाळीत येशील तेव्हा दोन दिवस पुण्यात थांब. मीही येतो. सोमवारी बंद असतं, आणि आठच्या आत पोचायला हवं, नाहीतर बाहेर उभं राहावं लागतं. चेंगडूची ती मिरी मूठभर आण. दाजूला बघायची आहे, मी त्याला तसं सांगून आलोय.

तुझा,
अविनाश