पमे, ऑस्टिनला हो म्हणायच्या आधी

प्रिय पमे,

रविवारी फोन ठेवला तर तुझी आई म्हणाली, भांडलात ना परत? मी म्हटलं भांडलो नाही, आवाज जरा चढला. तीस वर्षं एसटीत पुढं सरका पुढं सरका करणाऱ्याचा आवाज आहे तो. पण झोप काही लागली नाही म्हणून हे टाइप करतोय, बोटं जाड आहेत, चुका झाल्या तर समजून घे.

टेक्सासातल्या ऑस्टिनला राहायला जायचं का ते तू आणि एलेना दोघी ठरवा, मी मध्ये पडणार नाही. तिथं राज्याचा इन्कम टॅक्स नाही, सॅन होजेतल्या एका घरात तिथं दोन घरं येतील, सगळं मान्य. फक्त तू जे म्हणालीस ना, की कॅलिफोर्निया तरी कुठं कायमचं डेमोक्रॅटांचं आहे आण्णा, उद्या तेही पलटेल, ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण पलटणं म्हणजे काय ते सांगोल्याच्या माणसाला सांगायला नको. आबासाहेब, म्हणजे शेकापचे गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार, एसटीनं फिरणारा माणूस, आम्हाला वाटायचं लाल बावटा इथनं हलत नाही. 2019 ला हललाच की, आणि 2024 ला परत आला. आणि बंगाल? 34 वर्षं डावे होते, आता शोधावे लागतात. तेव्हा कायमचं काही नसतं हे मलाही कळतं.

तरीपण कॅलिफोर्नियाचं वेगळं आहे. मी गेल्या वर्षी तुमच्याकडं तीन महिने नुसत्या पोळ्या खात नव्हतो, वाचत होतो. ते राज्य एकदा पलटून बसलेलं आहे. रिपब्लिकन अध्यक्ष झालेला रेगन आधी तिथलाच गव्हर्नर. 1952 पासून 1988 पर्यंत अध्यक्षाच्या निवडणुकीत एक 1964 सोडलं तर दर वेळी रिपब्लिकन, आणि 1992 पासून एकदाही नाही. का, ते मला एलेनाच्या आईनं सांगितलं, तुला आठवतं का, ती मक्याच्या रोट्या थापत होती आणि एलेना मध्ये बसून भाषांतर करत होती. ती सलिनासला लेट्यूस काढायची. 1994 ला प्रपोझिशन 187 आलं, म्हणजे थेट लोकांच्या मताला टाकलेला कायदा, देशात राहायचे कागद नसलेल्यांना सरकारी शाळा नाही, दवाखाना नाही, रिपब्लिकन गव्हर्नर विल्सन प्रचारात, आणि लोकांनी ते पासही केलं. कोर्टानं अडवलं ते पुढं. पण ती म्हणाली की त्या वर्षी शेतातल्या बायकांनी ठरवलं, आता नागरिक व्हायचं आणि मत द्यायचं. तिनं 1996 ला शपथ घेतली, तेव्हापासून एक निवडणूक चुकवली नाही. अशी माणसं लाखांनी. तिकडं शीतयुद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसच्या बाजूचे विमानांचे आणि मिसाईलचे कारखाने बंद पडत गेले, तिथला जुना कामगार ॲरिझोना नेवाडाकडं गेला, तो रिपब्लिकनांचा हक्काचा मतदार होता. एकीकडं माणूस गेला, दुसरीकडं नवा आला आणि तोही दुखावलेला. हे काय एका निवडणुकीत उलटं फिरत नाही पमे. आज तिथं नोंदलेल्या चार मतदारांत जेमतेम एक रिपब्लिकन आहे, 2006 नंतर त्यांचा एकही माणूस राज्यभराच्या निवडणुकीत निवडून आलेला नाही, आणि 2006 चा त्यांचा गव्हर्नरसुद्धा सिनेमातला श्वार्झनेगर होता.

आणि ज्याला तिथलं पटत नाही तो भांडत बसत नाही, घर विकून टेक्सासला नाहीतर आयडाहोला जातो. म्हणजे उरलेलं राज्य आणखी पक्कं होतं. आता त्या जाणाऱ्यांच्या रांगेत माझी पोरगी उभी, याला काय म्हणायचं.

बघ, परत आलोच तिथं. नाही बोलणार म्हटलं होतं.

डोक्यावर घे असंही म्हणत नाही त्या राज्याला. 2023 ला जातीवरनं भेदभाव करू नका असं बिल दोन्ही सभागृहांनी पास केलं आणि तुमच्या गव्हर्नरनं परत पाठवलं, म्हणे आधीच्या कायद्यात ते येतंच. असलं उत्तर आम्ही इथं सोलापूरच्या ऑफिसात पण ऐकलंय. 2024 ला दहा काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, ट्रम्पकडं वळल्या, फ्रेस्नो, रिव्हरसाइड, शेतातल्या लोकांच्याच. हॅरिस 58, ट्रम्प 38, म्हणजे राज्य कुठं हललं नाही, पण खालची माती थोडी सरकली हे मी पण बघतो. 2008 ला ज्या दिवशी ओबामाला 61 टक्के दिले त्याच दिवशी त्याच लोकांनी तुमच्यासारख्यांचं लग्न बंद करणारं प्रपोझिशन 8 पास केलं, 52 टक्क्यांनी. सोळा वर्षांनी तेच वाक्य राज्याच्या घटनेतनं काढायला 62 टक्क्यांच्या वर हो म्हणाले. आणि त्याच मतपत्रिकेवर चोरी आणि ड्रग्जला कडक शिक्षा करायलाही हो. साधी माणसं आहेत, आपल्यासारखी. मुद्दा काय, तर तिथं ते वाक्य लोकांनी स्वतः खोडलं.

टेक्सासमध्ये ते वाक्य अजून घटनेत आहे. 2005 ला 76 टक्क्यांनी घातलेलं. तू म्हणशील आण्णा, सुप्रीम कोर्टाचा 2015 चा निकाल आहे, 2022 चा कायदा आहे, आमचं लग्न कॅलिफोर्नियातलं आहे, त्यांना मानावंच लागतं. मानतील. पण निकाल उद्या बदलला तर? बाळाच्या कागदावर दोघींची नावं लावताना कोण कारकून काय म्हणेल? ऑस्टिन निळं, म्हणजे डेमोक्रॅटांचं आहे म्हणतेस, असेल, पण टेक्सासची विधानसभा त्याच ऑस्टिनमध्ये भरते.

लेक्चर झालं. माफ कर. मला हे बोलायचा हक्क किती आहे ते मला माहितेय. मोर्च्यात पुढं झेंडा धरणारा मी, भाषणात पुरोगामी महाराष्ट्र म्हटलं की टाळ्या वाजवणारा मी, आणि तू एलेनाचं सांगितलंस तर आठ महिने फोन उचलला नाही. तू दर रविवारी करत राहिलीस. आई आत जाऊन हळू बोलायची आणि मी बाहेर बाजेवर बसून ऐकायचो. तुझ्या दहावीच्या वेळी पंढरपूरला पेपर होता आणि माझी ड्युटी होती तर मी तुला माझ्याच गाडीत बसवून नेलं, आठवतं? तू पुस्तक मांडीवर घेऊन झोपली होतीस आणि मी सगळ्या गाडीला गप्प बसवलं होतं, लेकरू परीक्षेला चाललंय म्हणून. तो माणूस आठ महिने कुठं गेला होता कुणास ठाऊक.

बाकी ठीक. डाळिंबाला यंदा तेल्या कमी आहे. आक्काचा गुडघा तसाच.

आणि एक सांगायचं राहिलं. मतपत्रिका पाकिटात घातल्यावर एलेनाच्या आईनं त्यातलं ते मत दिलं म्हणणारं छोटं स्टिकर माझ्या शर्टाला लावलं होतं, मी हसलो होतो. ते मी काढून आणलं, माझ्या जुन्या तिकिटाच्या पेटीवर चिकटवलंय. परवा भाऊसाहेब आला होता, विचारलं हे कुणाचं. म्हटलं आमच्या विहीणबाईंचं.

तुझा,
आण्णा