सर्पदंशावरील प्रतिविषाचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावा

महोदय,

भातलावणी सुरू झाली की पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा पट्ट्यात सर्पदंशाची धास्ती वाढते. विषबाधेची लक्षणे दिसत असतानाही प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष न देता रुग्णाला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवणे म्हणजे घाटरस्त्यावर त्याचा जीव टांगणीला लावणे. प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमधून साधारण तासाभरात द्यायच्या. लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. प्रतिविषाच्या रिअॅक्शनच्या (अॅलर्जीच्या) भीतीने डॉक्टरांचा हात आखडतो, पण अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन भरून हाताशी ठेवले की ती आटोक्यात आणता येते.

घोणस, फुरसे यांचे विष ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली ताजे रक्त घ्यावे, २० मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग एकदाच तिरके करून पाहावे. रक्त गोठले नसेल तर प्रतिविष लगेच सुरू करावे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो. मण्यार सापाचे विष मात्र या चाचणीत सापडत नाही. जमिनीवर झोपलेल्याला तो रात्री चावतो, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात. श्वास मंदावला तर अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) श्वास देतच पुढे न्यावे लागते.

जिल्हा परिषदेने जूनपूर्वी प्रत्येक केंद्रात प्रतिविषाच्या किमान २० कुप्या, काचेच्या नळ्या आणि लहान-मोठ्या मापाच्या अंबू बॅगा पोहोचवाव्यात, ही कळकळीची विनंती.

— ग्रामीण आरोग्यसेवेतील काही डॉक्टर व परिचारिका, पालघर जिल्हा