फीड नीट लावून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही माझ्या साइटसाठी जे केलंत, ते छोटी साइट चालवणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

सह्याद्रीतल्या रानफुलांवर लेख लिहायचा, लिंक फेसबुकवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, असं चाललं होतं. दोन दिवस गर्दी, मग शुकशुकाट. 'जाहिरातीला पैसे घालवू नका, आधी फीडकडे बघा,' हे पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. फीड म्हणजे साइटवरच्या नव्या लेखांची आपोआप ताजी होणारी यादी; वाचक ती आपल्या फीड रीडर ॲपमध्ये लावून ठेवतो आणि नवा लेख आला की त्याला तिथेच दिसतो. १ जुलै २०१३ला गूगल रीडर हे फीड वाचायचं साधन बंद झालं तेव्हा आरएसएस (म्हणजे फीडचं तंत्र) संपलं असं पुष्कळांनी धरलं. पण पॉडकास्टचे नवे भाग आजही त्याच वाटेने श्रोत्यांपर्यंत जातात, हे तुमच्याकडूनच कळलं.

माझी साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये फीड आपोआप तयार होते, फक्त माझ्या थीममध्ये ती कुठे दिसत नव्हती. तुम्ही पानाच्या हेडमध्ये (कोडच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागात) तिच्या पत्त्याची एक ओळ घातलीत. आता फीडली किंवा इनोरीडर अशा फीड रीडरमध्ये साइटचा नुसता पत्ता टाकला तरी फीड सापडते.

खरी चर्चा झाली ती पुढे. फीडमध्ये लेखाचा सारांश द्यायचा की पूर्ण लेख? पूर्ण लेख तिथेच वाचायला मिळाला तर साइटवर कोण येणार, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, 'ज्याला लेख आवडेल तो चार जणांना लिंक पाठवेल, आणि ते चौघे साइटवरच येतील.' अगदी तसंच झालं. आता जुन्या लेखांवरही रोज कुणी ना कुणी येतं. शिवाय या वाचकांना कुठे ईमेल द्यावा लागत नाही, आणि त्यांना काय दाखवायचं हे कुठली कंपनी ठरवत नाही. मला याचंच सगळ्यात जास्त मोल वाटतं.

शीर्षकाचंही तसंच. मालिकेतल्या एका लेखावर नुसतं 'भाग ४' असं होतं. फीड रीडरच्या यादीत वाचकाला बहुतेक वेळा तेवढी एकच ओळ दिसते आणि उघडायचं की नाही हे तो तिच्यावरूनच ठरवतो, हे तुम्ही स्क्रीनवर दाखवलंत. आपण ते 'कारवी सात वर्षं का थांबते?' असं केलं (कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप साधारण सात वर्षांनी एकदा फुलतं). एका शाळेच्या निसर्ग मंडळाने आपल्या पानावर माझ्या फीडमधली शीर्षकं लावली आहेत. तिथून सर्वाधिक मुलं येतात ती याच लेखावर.

हे सगळं तुम्ही ऑफिस सांभाळून, एक पैसा न घेता केलंत. मनापासून आभार, ताई.

तुम्ही सुचवल्याप्रमाणे कारवी विभागाच्या वेगळ्या फीडची लिंक शिक्षकांसाठी पानावर दिली आहे. सवड झाली की ती एकदा व्हॅलिडेटरमध्ये (फीडमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनात) तपासून बघाल का?

आपला,
रानफुलांच्या साइटवाला