मायबोलीतले चार शब्द तरी छापा

महोदय,

‘लिव्हिंग विल’विषयीचा, म्हणजे बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राविषयीचा, आपला कालचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र ज्येष्ठ नागरिक याबाबत ‘उदासीन’ आहेत, हा त्यातील ठपका मला मान्य नाही.

माझ्या ८३ वर्षांच्या आईच्या अखेरच्या आजारात आमच्या हातात चार पानी इंग्रजी फॉर्म देण्यात आला. आई कुडाळकडची, जन्मभर मालवणी बोललेली. समजावायला आलेल्या समुपदेशक बाईंनी ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की, त्या गेल्यावर आईने मला विचारले, “ह्यां खयचां औषद?” वेदना आणि धाप कमी करणारी ही सेवा उपचार चालू असतानाही घेता येते, एवढे साधे वाक्य कोणी मराठीत बोलले नाही. अखेर रात्रपाळीच्या मल्याळी परिचारिकेने मोडक्या हिंदीत विचारले, “आजी, मशीन चाहिए कि घर जाना है?” आई लगेच म्हणाली, “माका घराक व्हरा.” तिला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न होता. शेजारच्या खाटेवरच्या, फक्त उर्दू जाणणाऱ्या आजोबांना तर तेवढेही कोणी विचारले नाही. मुंबईत पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. या एका कागदालाच दुसरी भाषा का मिळू नये?

त्यानंतर मी स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र केले. अशा इच्छापत्राला मान्यता देणाऱ्या २०१८च्या निकालातील न्यायदंडाधिकाऱ्यांच्या सहीची अट सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये काढून टाकल्यामुळे दोन साक्षीदार आणि नोटरी एवढ्यावर काम झाले. पुढे त्याची प्रत पालिकेच्या अभिरक्षकाकडे, म्हणजे अशी इच्छापत्रे जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायला गेले, तर मला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर धाडण्यात आले आणि तिथल्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने मृत्यूचा दाखला मागितला. तो आणणे तूर्त शक्य नसल्याने प्रत अजून माझ्याच कपाटात आहे.

आपल्या लेखाचे शीर्षकही ‘इच्छामरण’ असेच आहे. निरुपयोगी ठरलेले यंत्रोपचार नाकारणे म्हणजे मरण मागणे नव्हे. माझ्या आईने ते शीर्षक वाचले असते, तर कागदाला हातही लावला नसता. यापुढे असा लेख छापताना सोबत इच्छापत्राचा मराठी नमुना द्यावा, ही विनंती. तो फिकट निळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत मात्र नको. कालची चौकट मला भिंग लावूनही वाचता आली नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका