चित्र कापू नका, लहान छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत खेड्यातल्या जगण्यावरच्या मराठी चित्रपटांबद्दल लेख आला होता. आमच्याकडे पुरवणी आधी आजीच्या हातात जाते. तिला तो लेख इतका आवडला की तिने अर्धा मोठ्याने वाचून दाखवला. माझी तक्रार लेखाबद्दल नाही, त्याच्या शेजारी छापलेल्या चित्राबद्दल आहे.

ते चित्र नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मधले होते. गावाने खालच्या मानलेल्या जातीतला शाळकरी मुलगा जब्या हा त्या चित्रपटाचा नायक. त्याच्या घरची माणसे पकडलेले डुक्कर बांबूला टांगून नेतात, तो प्रसंग. आपल्या पानावर बांबू दिसतो, डुक्कर दिसते आणि एक खांदा दिसतो. मागे कसला तरी रंग आहे, पण तो कशाचा हे कळत नाही. मूळ दृश्यात मागे शाळेची भिंत आहे आणि त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले अशा थोर माणसांची चित्रे रंगवलेली आहेत. त्यांच्यासमोरून ते डुक्कर नेले जाते. पात्रांपैकी कुणीही त्या भिंतीबद्दल एक शब्द बोलत नाही. जे म्हणायचे ते मागच्या भिंतीने आणि पुढच्या बांबूने एका चौकटीत येऊन म्हटलेले आहे. आपण भिंत कापली. उरले ते डुक्कर नेणाऱ्या माणसांचे चित्र. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांना ही माणसे अशी असतात आणि असे करतात, एवढेच त्यातून कळणार. म्हणून हे पत्र.

मी बडोद्यात राहते आणि इथेच चित्रपटाच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात आमच्या सरांनी हेच दृश्य पडद्यावर थांबवून विचारले होते, “या चौकटीत कोण कोण आहे?” आम्ही सगळ्यांनी बांबू धरणारी माणसे सांगितली. मीही तेच सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, बाबासाहेब आहेत.” वर्ग एकदम गप्प झाला. शाळेच्या भिंतीवर अशी चित्रे आम्ही लहानपणापासून इतकी पाहिली आहेत की ती आम्हाला दिसेनाशी झाली होती. ती भिंत तिथे का आहे हे मला त्या दिवशी कळले, आणि आपल्या पानावर ती नाही हे पाहून म्हणूनच इतके लागले.

आमचा अभ्यास कसा चालतो ते सांगते, म्हणजे एका चित्रासाठी एवढे लांब पत्र का, हे लक्षात येईल. चित्रपटातली तीन मिनिटे निवडायची आणि प्रत्येक शॉटची वहीत नोंद करायची. वहीत रकाने आखलेले असतात : शॉटचा क्रमांक, किती सेकंद टिकला, कॅमेरा किती लांब, किती उंचीवर, हलला की नाही, उजेड कुठून येतो, आवाज कोणते, आणि शेवटी तो शॉट कुठे तोडला. पहिल्या वाचनात विशेषणे लिहायला बंदी. ‘सुंदर’, ‘भेदक’, ‘काव्यात्म’ असे काही लिहिले की सर त्याखाली लाल रेघ ओढतात. आधी काय दिसते ते लिही, मग तसे का केले असेल ते लिही. पहिली तीन मिनिटे लिहायला मला दोन आठवडे लागले. ‘फँड्री’तच आणखी एक जागा आहे. डुक्कर हाताशी आलेले असते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, मग घरचे सगळे थांबतात, आणि डुक्कर निसटते. माणसे पुतळ्यासारखी उभी आणि हलते फक्त जनावर. वहीत ‘हालचाल’ या रकान्यात ही नोंद करताना पेन काही वेळ पुढे सरकेना.

दुसरे उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या एका खटल्यावरच्या चित्रपटाचे. तिथे कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा राहतो, जागचा हलत नाही. कुणाच्या चेहऱ्याकडे धाव घेत नाही. प्रेक्षक म्हणून आपण न्यायालयाच्या मागच्या बाकावर आपल्या तारखेची वाट पाहत बसल्यासारखे असतो. आमच्या वर्गातल्या एकाला चित्रपट कंटाळवाणा वाटला आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. सरांनी त्याला नापास केले नाही. तो कंटाळा कोणत्या शॉटपासून सुरू झाला ते शोधून आण, असे सांगितले. त्याने शोधले, आणि त्याच्या वहीत जे निघाले ते माझ्या वहीपेक्षा चांगले होते. शेवटाकडे सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि कॅमेरा त्या अंधारात तसाच थांबतो. चित्रपट संपला असे वाटून आपण उठायच्या बेतात असतो, आणि मग न्यायाधीशांची सहल सुरू होते. तो अंधार दोन क्षणांचा केला असता तर पुढची सहल निव्वळ एक प्रसंग ठरली असती. अंधार लांबवल्यामुळे त्या बंद दालनात अडकलेला खटला आपल्याबरोबर सहलीला येतो.

आता परीक्षणांकडे येते. आपल्या दैनिकातली परीक्षणे मी नेमाने वाचते. कथा, अभिनय, संवाद, संगीत यांवर मजकूर भरपूर असतो. सगळ्यात खाली एक ओळ असते : ‘छायाचित्रण, संकलन या तांत्रिक बाजू उत्तम.’ भिंत चौकटीत ठेवायची की नाही, ही तांत्रिक बाजू कशी? ती तर गोष्टच आहे. ‘फँड्री’चे छायाचित्रण विक्रम अमलाडी यांचे आणि ‘कोर्ट’चे मृणाल देसाई यांचे. ही नावे किती वाचकांना ठाऊक असतील? माझ्या आजीला ‘संत तुकाराम’ (१९३६) जवळजवळ पाठ आहे. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल ही नावे ती घरातल्या माणसांची घ्यावीत तशी घेते. पण तो चित्रपट ज्यांच्या कॅमेऱ्यातून आला त्या व्ही. अवधूत यांचे नाव तिने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले. तिला वाईट वाटले. “कुणी सांगितलंच नाही गं,” म्हणाली.

(त्याच चित्रपटाचे आणखी एक दुखणे. प्रभातच्या काळातली चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी, चारास तीन या प्रमाणातली. आजच्या रुंद पडद्यावर ती ताणून दाखवतात आणि तुकोबांचा चेहरा रुंद होतो. घरात मी रिमोट घेऊन ते प्रमाण नीट करते.)

माझ्या बाबांचे दांडिया बाजारात फोटो फ्रेम करण्याचे छोटे दुकान आहे. चौकटीबद्दल मी जे काही शिकले त्याची सुरुवात तिथे झाली, वर्गात नाही. बाबांचा नियम असा की गिऱ्हाइकाचा फोटो कापायचा नाही. कडेचे काही नको असेल तर ते माउंटच्या, म्हणजे फोटोभोवती बसवायच्या जाड कागदाच्या खिडकीच्या, खाली दडवायचे. वर माउंट, वर काच, मागे हार्डबोर्ड, पण आत फोटो अख्खा. मी लहान असताना एक गृहस्थ घरातल्या लग्नाचा जुना कृष्णधवल फोटो घेऊन आले. डाव्या कडेला कुणाचा तरी नुसता हात आला होता, नवऱ्यामुलाच्या खांद्यावर ठेवलेला. “एवढं कापून टाका, विचित्र दिसतं,” म्हणाले. बाबांनी तो हात माउंटखाली घेतला आणि तसे त्यांना सांगितलेही. काही वर्षांनी तेच गृहस्थ फ्रेम काखेत मारून परत आले. तो हात त्यांच्या काकांचा होता. काका वारले होते आणि त्या लग्नातला त्यांचा दुसरा एकही फोटो घरात नव्हता. बाबांनी मागचे खिळे काढले, माउंटची खिडकी मोठी करून नवीन कापली आणि हात बाहेर आणला. बाबांनी पैसे फक्त माउंटचे घेतले. हात उघडा झाला तेव्हा दुकानात कुणी बोलले नाही, हे मला अजून आठवते.

या गावातून हे लिहिताना आणखी एका गोष्टीचा आधार वाटतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन ही शिक्षणसंस्था सुरू केली आणि त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरचा एक विशीतला तरुण तिथे शिकायला आला. धुंडिराज गोविंद, म्हणजे पुढचे दादासाहेब फाळके. चित्रकला आणि फोटोग्राफी या दोन्हींचे धडे त्यांनी इथे घेतले. राजा रविवर्मा यांनी महाराजांसाठी पौराणिक प्रसंगांची चित्रे काढली तीही याच काळात, आणि पुढे लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्याशी फाळक्यांचा संबंध आला. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी लागला, हे सगळे जाणतात. मला मात्र त्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ जास्त बोलावतो. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्याआधी पडद्यावर तिचा नुसता चेहरा येतो, एकेक भाव बदलत. यमुना नाही, कालिया नाही, गोकुळ नाही. आजूबाजूचे सगळे चौकटीबाहेर ठेवून फाळक्यांनी एका लहान मुलीचा चेहरा तेवढा आत घेतला. कापणे कधी बरोबर असते, ते मी तिथे पाहिले. काय बाहेर ठेवायचे हे तिथे चित्र करणाऱ्याने ठरवले, आणि त्यालाच ते ठरवायचा हक्क होता.

गेल्या आठवड्यात आम्ही वही घेऊन इथल्याच जुन्या तांबेकर वाड्यात गेलो होतो. पेशवाई वळणाची ती भित्तिचित्रे, कृष्णाच्या गोष्टी, महाभारतातले प्रसंग, मराठे आणि इंग्रज यांची लढाई. भिंतीवरचे चित्र पानावर बसत नाही म्हणून कुणी त्याची कड छाटत नाही. वर्गातल्या मैत्रिणीने आपल्या पुरवणीचा तो अंक तिथेच पिशवीतून काढून दाखवला, आणि पत्र लिहायचे तिथेच ठरले.

तेव्हा विनंती अशी. चित्रपटातले दृश्य छापताना चौकट अख्खी छापावी. परीक्षणात छायाचित्रकार आणि संकलक यांची नावे दिग्दर्शकाच्या जोडीने द्यावीत. आणि जमल्यास पुरवणीत महिन्यातून एकदा दोनशे शब्दांची जागा एकाच शॉटसाठी राखावी : कॅमेरा कुठे आहे, का आहे, चौकटीत कोण आहे. लिहायला मोठे समीक्षकच हवेत असे नाही. आमच्या वर्गातल्या वह्या भरलेल्या पडून आहेत. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे मराठी थोडे गुजराती वळणाचे आहे, पण त्याला भिंत दिसते.

पानावर जागा नसते, असे आपण म्हणाल. ते मी बाबांच्या दुकानातल्या पट्टीने मोजून पाहिले. आपण छापलेले चित्र ८ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. रुंदी उंचीच्या दुप्पट धरली, तर अख्खे दृश्य १२.५ गुणिले ६.२५ मध्ये बसते. ते ७८ चौरस सेंटिमीटरच्या थोडेसे वर जाते, आपण दिलेल्या जागेपेक्षा कमीच. त्या मापाचा चौकोन कापून सोबत पाठवत आहे. तो पानावर ठेवून पाहावा.

आपली वाचक,
चित्रपटाची एक विद्यार्थिनी
दांडिया बाजार, बडोदे