बाजारपेठेच्या नगरसेविकेस

चिपळूण

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितो आहे, याचे तुला नवल वाटेल. पण निकाल लागल्यापासून ओटीवर माणसांची इतकी ये-जा आहे की चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत, आणि पहिल्या सर्वसाधारण सभेला जाण्यापूर्वी हे तू शांतपणे वाचावेस अशी माझी इच्छा आहे.

तू बाजारपेठेच्या प्रभागातून निवडून आलीस. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदीचे पाणी याच पेठेत शिरले, तेव्हा आपण दोघे कापडाची ठाणे खालच्या फळीवरून वरच्या फळीवर चढवत होतो आणि थोड्याच वेळात वरची फळीही बुडाली. पाणी ओसरल्यावर उलगडलेले ते जांभळे ठाण तुला आठवत असेल. प्रत्येक घडीत चिखलाचा पातळ थर होता आणि एका घडीचा रंग दुसऱ्या घडीला लागला होता. २६ जुलै २००५ चा पूरही मी याच दुकानात पाहिला. दाभोळच्या खाडीला भरती असली की नदीचे पाणी पुढे सरकत नाही, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. भरती तुझ्या हातात नाही आणि सह्याद्रीवर कोसळणारा पाऊसही नाही. पेठेतली गटारे आणि पऱ्हे, म्हणजे लहान ओढे, वाहते ठेवणे मात्र नगरपरिषदेचे काम आहे, आणि म्हणून ते आता तुझे आहे.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. आपल्या दुकानासमोरच्या गटारावर मी पूर्वी काँक्रीटचा ओटा घातला, गिऱ्हाइकांना चढायला सोपे जावे म्हणून, आणि त्यासाठी कोणाची परवानगी घेतली नाही. पुरानंतर सफाई कामगार गाळ काढत आले ते त्या ओट्यापाशी थांबले, कारण खाली फावडे जाईना, आणि शेजारच्या दुकानातले पाणी आणखी दोन दिवस तुंबून राहिले. शेजाऱ्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटते. नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केले तर पद जाऊ शकते, अशी तरतूद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आहे. दुकान माझ्या नावावर असल्याने ती तुला लागू होईल की नाही, या चर्चेत मला पडायचे नाही. येत्या रविवारी गवंडी येऊन तो ओटा फोडणार आहे. त्याआधी गटारे मोकळी ठेवा, असे पेठेत कोणालाही सांगायला जाऊ नकोस.

सभेच्या कामाविषयी एवढेच सांगतो. एकट्या सदस्याला कोणतेही काम करवून घेण्याचा अधिकार नसतो. सभा ठराव करते आणि मुख्याधिकारी त्याची अंमलबजावणी करतात. ‘बघतो’, ‘सांगतो’ असे तोंडी आश्वासन मिळाले की लोक खूश होतात, पण इतिवृत्तात त्याची ओळही उमटत नाही. म्हणून प्रत्येक मागणी लेखी दे, आवक-जावकमध्ये पोच घे, विषय विषयपत्रिकेवर आला का ते पाहा, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी ते शब्दन्‌शब्द वाच. गाळ काढण्याचा विषय मे महिन्यात आला तर उशीर झालेला असतो; तो आताच आण.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या, पण त्या तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी बंधनकारक आहेत. आपले गाव त्यात बसत नाही, तेव्हा पेठेतल्या लोकांना एकत्र बसवून ऐकून घेण्याची सक्ती तुझ्यावर कोणी करणार नाही. तू ते स्वतःहून करावेस. व्यापारी आपणहून येतील. मागच्या गल्ल्यांत भाड्याने राहणारी माणसे, मासळी विकणाऱ्या बायका आणि हातगाडीवाले येणार नाहीत, त्यांच्याकडे तुलाच जावे लागेल.

आणखी एक काम मी सुरू केले आहे. पेठेत तळमजल्यावर राहणाऱ्या आणि माळ्यावर चढू न शकणाऱ्या माणसांची यादी करतो आहे: कोण कोणत्या खोलीत झोपते, जिना कुठे आहे, रात्री हाक मारायची तर शेजारी कोण. तुझी आई बायकांकडून माहिती घेते, मी वहीत लिहितो. आतापर्यंत सतरा घरे झाली. शिवनदीच्या बाजूची ओळ राहिली आहे. गुरुवारी दुपारी दुकान बंद असते, तेव्हा तू बरोबर चल.

तुझे,
बाबा