तीस दिवसांची रात्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

व्हॅम्पायर म्हटलं की तू नाक मुरडतोस, हे ठाऊक असूनही सांगतो, 'थर्टी डेज ऑफ नाइट' बघच. डेव्हिड स्लेडने २००७ मध्ये केलेला सिनेमा. मूळ कॉमिक स्टीव्ह नाइल्स आणि बेन टेम्पलस्मिथ यांचं. यातले व्हॅम्पायर कुणाच्या प्रेमात पडून उसासे टाकत नाहीत. काळेभोर डोळे, घशातून खरवडून काढल्यासारखी भाषा आणि भूक, बस्स.

गाव अलास्कातलं बॅरो, अमेरिकेच्या अगदी उत्तर टोकाचं. हिवाळ्यात सूर्य बुडाला की महिनाभर उगवत नाही. उन्हाला भिणाऱ्यांना आणखी काय हवं?

पण मला खरी धडकी भरली ती ते यायच्या आधीच. कुणीतरी गावातले सॅटेलाइट फोन चोरून जाळतो, स्लेज ओढणारी कुत्री मारून टाकतो, हेलिकॉप्टर निकामी करतो. शेरीफ, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, एकेक तक्रार नोंदवत फिरतोय आणि आपल्याला कळतंय की गावाचा एकेक दोर कापला जातोय. हे सगळं अगदी शांतपणे घडतं. त्यापुढे नंतरचा रक्तपात काहीच नाही. अपवाद एकच: कॅमेरा उंचावरून गावभर फिरतो तो प्रसंग. खाली पांढरा बर्फ, पळणारी माणसं, लाल फराटे, आणि जवळून कुणाचाही चेहरा दिसत नाही. आणि हो, डॅनी ह्यूस्टनने रंगवलेला व्हॅम्पायरांचा म्होरक्या. एक बाई देवाचा धावा करते, तर हा मान वर करून आभाळ न्याहाळतो आणि म्हणतो, देव नाही. ओरडत नाही, म्हणून जास्त झोंबतं.

खऱ्या बॅरोत सूर्य दोन महिन्यांहून जास्त काळ गायब असतो, पण दुपारी थोडा वेळ संधिप्रकाश असतो. सिनेमातलं गाव चिमुकलं आहे, प्रत्यक्षात तिथे चार हजारांवर लोक राहतात. बाहेरून तिथे रस्ता जात नाही, हे मात्र खरं. २०१६ मध्ये मतदान घेऊन गावाने उत्कियाग्विक हे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे इनुपियाक लोकांच्या भाषेतलं आपलं जुनं नाव परत घेतलं. या इनुपियाक लोकांना सिनेमात फारशी जागा नाही, ते मला खटकलं. बरं, शूटिंग झालंय न्यूझीलंडमध्ये!

कच्चा दुवा म्हणजे काळ. पडद्यावर दिवसाचा आकडा येतो आणि आठवडेच्या आठवडे उडून जातात. उपासमार, चिडचिड, एकमेकांचा वीट, यातलं फारसं काही दिसत नाही. शेरीफ झालेल्या जॉश हार्टनेटची दाढीसुद्धा महिन्याच्या मानाने बेतानेच वाढते.

तरी पोटमाळ्यावरचे प्रसंग चुकवू नकोस. सगळे श्वास रोखून दडलेत आणि त्यांच्यात एक विस्मरण झालेला म्हातारा आहे. बाहेर काय चाललंय ते त्याच्या लक्षातच राहत नाही. त्याला फक्त बाहेर जायचंय. मुलगा त्याला कसाबसा आवरतोय, बाकीचे बघतायत आणि कुणी काही बोलत नाही. तिथे माझी सहानुभूती दोन्हीकडे ओढली जात होती. शेरीफ शेवटी जे करतो त्यावरून आपलं भांडण होणार, म्हणून ते आत्ता लिहीत नाही.

एकट्याने बघ, दिवे घालवून. आणि त्या मुलाचं चुकलं का, तेवढं मात्र मला सविस्तर कळव.

तुझा,
नितीन